वायरलेस डिस्कच्या पोटात एसएसडी: पावसाळ्यापासून चैत्रापर्यंतचा वापरानुभव

खिशात मावणाऱ्या, स्वतःच्या वाय-फायवरून फोन-टॅबलेटला फाइली दाखवणाऱ्या वायरलेस स्टोरेज उपकरणातील मूळची फिरती हार्ड डिस्क काढून तिच्या जागी मी गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर दोन टीबीची साटा एसएसडी (साटा ही डिस्क बोर्डला जोडण्याची रूढ पद्धत, एसएसडी म्हणजे फिरते भाग नसलेली, चिपवर माहिती ठेवणारी डिस्क) बसवली आणि तेव्हापासून यंदाच्या जोतिबाच्या चैत्र यात्रेपर्यंत ते उपकरण सतत वापरात ठेवले. असा बदल करू पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा वेगाचा असतो, म्हणून त्याचे उत्तर आधीच देतो: कॉपीचा वेग जवळजवळ वाढलाच नाही, आणि तरीही पैसे वाया गेले असे मला एकदाही वाटले नाही.

ही उपकरणे आता मागे पडलेली आहेत, हे मान्य करावे लागेल. सीगेटचे गोफ्लेक्स सॅटेलाइट २०११ मध्ये आणि वेस्टर्न डिजिटलचे एसडी कार्डाची खाच असलेले माय पासपोर्ट वायरलेस २०१४ मध्ये आले, तेव्हा आयपॅडला बाहेरची डिस्क थेट जोडून तिच्यातील फाइली पाहण्याची सोय नव्हती. ती २०१९ मध्ये आयपॅडओएस १३ बरोबर आली. अँड्रॉइड फोन त्याच्या कितीतरी आधीपासून ओटीजी केबलने पेनड्राइव्ह वाचत होते. माझ्याकडील उपकरण त्याच पिढीचे आहे. आत एक टीबीची डिस्क, स्वतःचे वाय-फाय, कार्डासाठी खाच, यूएसबी ३.० आणि लिथियम बॅटरी असा त्याचा संसार.

आम्ही काही मित्र कोल्हापूर जिल्ह्यातील वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळा), सतीशिळा आणि मंदिरांवरील शिल्पे यांची छायाचित्रांसह नोंद करतो, आणि या कामात असे उपकरण अजूनही उपयोगी पडते. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात एक जण छायाचित्रे घेतो, दुसरा वहीत क्रमांक टाकतो आणि तिसरा टॅबलेटवर तेच शिल्प मोठे करून पाहत वर्णन लिहितो. स्वर्गमंडपाच्या छतातील गोलाकार मोकळ्या जागेतून येणारे ऊन सरकण्याच्या आत कोणते चित्र पुन्हा घ्यायचे ते ठरवावे लागते, आणि त्यासाठी सर्वांना एकाच वेळी तीच चित्रे दिसणे आवश्यक असते. दाजीपूरच्या बाजूला मोबाइलची रेंज नसली तरी काही अडत नाही, कारण उपकरणाचे वाय-फाय इंटरनेटवर अवलंबून नाही.

डिस्क बदलण्याचे कारण सरळ होते. चित्रांची यादी मधेच थांबू लागली आणि उपकरणातून बारीक टकटक येऊ लागली. संगणकाला जोडून डिस्क स्वतःच्या तब्येतीविषयी ठेवते त्या ‘स्मार्ट’ नोंदी पाहिल्या, तेव्हा १९७ क्रमांकाच्या ओळीतील आकडा, म्हणजे डिस्कला धड वाचता न आल्यामुळे निकालाची वाट पाहत असलेल्या सेक्टरांची (डिस्कवरील माहितीच्या लहान कप्प्यांची) संख्या, दर आठवड्याला वाढत असल्याचे दिसले. हा आकडा एकदा वाढून स्थिर राहिला तर काही काळ दम धरता येतो. तो वाढतच असेल तर डिस्कचे दिवस भरले असे समजावे. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यांवरून मोटारसायकलच्या पिशवीत केलेला प्रवास फिरत्या डिस्कला मानवणारा नव्हताच. डिस्क थांबलेली असताना तिचे वाचन-शीर्ष सुरक्षित जागी जाऊन बसते, पण कार्डावरून कॉपी चालू ठेवून पुढच्या गावाला निघण्याची सोय हेच तर या उपकरणाचे आकर्षण आहे, आणि नेमक्या त्याच वेळी हादरे सर्वाधिक घातक ठरतात.

नवी एसएसडी विकत घेण्यापूर्वी दोन गोष्टींची खात्री करून घेणे आवश्यक आहे. पहिली, आतील डिस्कला साटा जोडणी आहे की नाही. अनेक पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचे तोंड थेट डिस्कच्या सर्किट बोर्डवरच असते आणि तेथे दुसरी डिस्क बसवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. वायरलेस उपकरणात प्रोसेसरचा बोर्ड वेगळा असल्यामुळे साटा असण्याची शक्यता अधिक, पण उघडून पाहिल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, ती म्हणजे उपकरण चालवणारी प्रणाली कोठे राहते. ती बोर्डवरील स्वतंत्र फ्लॅश चिपमध्ये असेल तर कोरी डिस्क लावून चालते. ती डिस्कवरच लपलेल्या विभागांत असेल तर कोरी डिस्क लावताच उपकरण मुके होते. मी जुनी डिस्क बाहेर काढून साटा-यूएसबी जोडणीने लिनक्सच्या संगणकाला लावली, तेव्हा तिच्यावर एक्सफॅट या फाइल-मांडणीचा एकच मोठा विभाग दिसला, आणि प्रणाली चिपमध्ये आहे हे स्पष्ट झाले. तरीही डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने जुन्या डिस्कची सेक्टरवार प्रत घेऊन ठेवली. ज्या डिस्कचे सेक्टर खराब होत आहेत तिच्यासाठी साध्या कॉपीपेक्षा हा मार्ग बरा, कारण तो अडलेला भाग बाजूला ठेवून आधी वाचता येईल तेवढे वाचून घेतो आणि मग मागे वळतो. काही उपकरणांत माहिती बोर्डवरच सांकेतिक रूपात बदलून मग डिस्कवर लिहिली जाते. तेथे बाहेर काढलेली डिस्क संगणकाला कोरी वाटते. म्हणून महत्त्वाची चित्रे उपकरण उघडण्यापूर्वीच उतरवून घ्यावीत.

उघडण्याचे काम वाटते तितके अवघड नाही, मात्र घाईचेही नाही. रबरी पायांखाली टॉर्क्स टी५ मापाचे, ताऱ्याच्या आकाराच्या खाचेचे चार स्क्रू होते; तो स्क्रू ड्रायव्हर मोबाइल दुरुस्तीचे सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो. स्क्रू निघाल्यावर कडेच्या प्लास्टिकच्या खिट्ट्या जुन्या एटीएम कार्डाने एकेक करून सोडवल्या. त्यानंतर सर्वप्रथम बॅटरीचा कनेक्टर काढावा, कारण बटण बंद असले तरी बोर्डला वीज पोहोचत असते. खरी अडचण जाडीची निघाली. अडीच इंची डिस्कची लांबी-रुंदी ठरलेली असते, पण जाडी ५, ७, ९.५ किंवा १५ मिलिमीटर अशी निरनिराळी असते. माझी जुनी डिस्क ९.५ ची आणि नवी एसएसडी ७ ची, त्यामुळे ती साट्याच्या तोंडावर लोंबकळू लागली. काही एसएसडींच्या खोक्यात यासाठी अडीच मिलिमीटरची चौकट येते, माझ्या खोक्यात ती नव्हती. शिवाजी उद्यमनगरातील एका कारागिराने ॲक्रिलिकची चौकट कापून दिली आणि ‘कशाला पाहिजे?’ एवढेही विचारले नाही. उद्यमनगरात याहून विचित्र मागण्या रोज येत असणार. चौकट न लावता फोमच्या पट्टीवर भागवलेलेही मी पाहिले आहे. परंतु फोम उष्णता धरून ठेवतो आणि काही महिन्यांत दबतो, म्हणून तो मार्ग मला पटत नाही.

नव्या डिस्कवर एमबीआर या जुन्या पद्धतीची विभागणी करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केले आणि विभागाचे नाव जुनेच ठेवले. ५१२ बाइटच्या सेक्टरांच्या हिशेबाने एमबीआरची मर्यादा सुमारे २.२ टीबीवर येते. माझे उपकरण जीपीटी ही नवी विभागणी ओळखते की नाही याची परीक्षा घेण्याऐवजी मी दोन टीबीवरच थांबलो. त्यातील सुमारे दहा टक्के जागा मुद्दाम विभागाबाहेर मोकळी सोडली, त्याचे कारण पुढे येईल.

आता वेगाविषयी. ६४ जीबीचे कार्ड उतरवायला पूर्वी पाऊण तास लागत असे, आता चाळीस मिनिटे लागतात. साटा ६ गिगाबिटची आणि एसएसडी सेकंदाला ५०० एमबीची असली, तरी माझ्या उपकरणातील कार्डाची खाच यूएसबी २.० च्या वाटेने बोर्डला जोडलेली आहे आणि छोटा प्रोसेसर तेवढाच माल उचलतो. वाय-फायची कथाही तीच: ८०२.११एन या जुन्या वाय-फाय मानकाच्या एका प्रवाहाचा ४० मेगाहर्ट्झवरील कागदोपत्री वेग सेकंदाला १५० मेगाबिट, म्हणजे जेमतेम १९ एमबी, आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्माही क्वचित हाती येतो. पन्हाळ्याच्या अरुंद घाटातून गाडी न्यायची असेल तर तिचे इंजिन कितीही मोठे असून उपयोग नाही, तसेच हे आहे. म्हणूनच या कामासाठी महागडी एसएसडी घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. स्वस्त एसएसडीचा माहिती आधी तात्पुरती घेणारा जलद भाग भरल्यावर लेखनाचा वेग बराच खाली येतो, पण तो खाली आलेला वेगही या उपकरणाच्या क्षमतेहून अधिकच असतो. पैसे वाचवावेत ते येथे. अनोळखी विक्रेत्याकडून फसव्या क्षमतेची डिस्क घेण्यात नव्हे. घेतल्यावर एच२टेस्टडब्ल्यू या प्रोग्रामने ती पूर्ण भरून तपासून पाहणे हिताचे.

फरक पडला तो प्रतीक्षेत. जुनी डिस्क काही मिनिटे काम नसले की वीज वाचवण्यासाठी थांबत असे आणि टॅबलेटवर बोट लावले की ती पुन्हा फिरू लागेपर्यंत चार-पाच सेकंद पडदा गोठलेला राही. त्या अवधीत मित्र पुन्हा पुन्हा बोट मारत आणि ॲप बंद पडे. शिवाय ५४०० फेऱ्यांच्या डिस्कला योग्य जागा वाचन-शीर्षाखाली येण्यासाठीच सरासरी साडेपाच मिलिसेकंद लागतात, शीर्ष हलण्याचा वेळ वेगळा, आणि शेकडो लहान चित्रांची यादी दाखवताना हा वेळ प्रत्येक चित्रामागे मोजावा लागतो. एसएसडीत हे सगळे संपले. वीरगळाच्या खालच्या पट्टीतील युद्धप्रसंगावरून वरच्या पट्टीतील शिवपूजेच्या चित्राकडे जाताना आता कोणी थांबत नाही, आणि दिवसअखेर वहीतील नोंदी पूर्वीपेक्षा भरगच्च असतात.

बॅटरीचा लाभ मात्र अपेक्षेहून कमी झाला. सलग वाय-फायवर पूर्वी साडेचार तास मिळत, आता साडेपाचच्या आसपास मिळतात. फिरत्या डिस्कला सुरुवातीचा झटका देताना पाच व्होल्टवर एक अँपिअरच्या जवळपास वीज लागते, ती वाचली. परंतु मोठा वाटा वाय-फाय आणि प्रोसेसर खातात आणि त्यांच्यात काहीच बदललेले नाही. उष्णतेचेही तसेच. चार्जिंग चालू असताना कॉपी केली की उपकरण आजही तापते.

जोतिबाच्या यात्रेत या बदलाची कसोटी लागली. सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या मानाच्या उंच काठ्या, नाचू लागल्या की वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर गुलालाशिवाय काही दिसत नाही, आणि तो बारीक गुलाल कार्डाच्या खाचेत, यूएसबीच्या तोंडात, सर्वत्र जातो. एसएसडीला हादऱ्यांची पर्वा नव्हती, गर्दीत उपकरण खांद्यावरच्या पिशवीत उलटेपालटे होत असताना कॉपी निर्वेध पूर्ण झाली. खाचेचे मात्र कौतुक करता येत नाही. घरी आल्यावर कोरड्या ब्रशने ती साफ करावी लागली आणि तोपर्यंत एक कार्ड ओळखले जात नव्हते. आतील डिस्क कितीही टिकाऊ असली तरी बाहेरची दारे जुनीच आहेत. गगनबावड्याच्या पावसात मी उपकरण झिप असलेल्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवले. मात्र चालू असताना ते असे बंद करून ठेवू नये.

काही उणिवा एसएसडीने नव्याने आणल्या. पुसलेल्या जागेची खबर डिस्कला देणारी ट्रिम आज्ञा माझे उपकरण पाठवत नाही, त्यामुळे काळानुरूप लेखन मंदावण्याचा धोका असतो. विभागाबाहेर सोडलेली मोकळी जागा त्यावरचा उतारा आहे आणि आजवर मंदी जाणवलेली नाही. फिरती डिस्क मरण्यापूर्वी बहुधा कुरकुरते, एसएसडी एका क्षणी नाहीशी होऊ शकते. जेडेक या चिप उद्योगातील मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकानुसार घरगुती वापराच्या एसएसडीने लेखनमर्यादा संपल्यानंतर विजेविना ३० अंश तापमानात एक वर्ष माहिती धरून ठेवणे अपेक्षित आहे. नवी डिस्क याहून पुष्कळ अधिक काळ टिकवते, तरीही चित्रे भरून कपाटात ठेवून देण्याची ही वस्तू नव्हे. एक्सफॅटला जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेले बदल सावरणारी नोंदवही, नसते, म्हणून कॉपीच्या मध्यात बॅटरी संपली तर अर्धवट फाइली राहतात, डिस्क कोणतीही असो. त्यातच माझे उपकरण कॉपी पूर्ण झाल्याचा दिवा लावते, पण लिहिलेले पुन्हा वाचून तपासत नाही. त्यामुळे घरी संगणकावर पडताळणी होईपर्यंत आम्ही कार्डे पुसत नाही.

एकट्याने फिरणाऱ्याने हा उद्योग करू नये, असे मी सांगेन. त्याला यूएसबी-सीची छोटी एसएसडी, कार्ड रीडर आणि फोन एवढे पुरते, आणि त्या मार्गाने ६४ जीबीचे कार्ड माझ्या उपकरणाच्या निम्म्याहून कमी वेळात उतरते. तिघा-चौघांनी एकाच वेळी चित्रे पाहायची असतील आणि असे उपकरण आधीच घरात पडून असेल, तरच हा खर्च योग्य ठरतो.

आता पाळी बॅटरीची आहे. उघडले तेव्हा ती फुगलेली नव्हती, पण अलीकडे शेवटचा पाव भाग झपाट्याने उतरतो. शोधताना केवळ लांबी-रुंदी आणि क्षमता जुळवून भागत नाही. माझ्या बॅटरीला तीन तारा आहेत आणि तिसरी तापमान मोजणाऱ्या थर्मिस्टरची आहे. बाजारात सहज मिळणारी दोन तारांची बॅटरी जोडली तर बोर्ड चार्जिंग सुरूच करत नाही, त्यामुळे तीन तारांची त्याच मापाची बॅटरी मिळेपर्यंत पिशवीत एक पॉवर बँक बाळगत आहे.