कोथरूडचा जुना फ्लॅट की वाघोलीचा ‘ग्रीन’ टॉवर?

पुण्यात घर घ्यायला निघालेल्या बऱ्याच जणांपुढे सध्या हे दोनच पर्याय उरतात. बजेट साधारण तेच. एकीकडे शहराच्या पश्चिमेकडच्या कोथरूडमधला, तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या सोसायटीतला रीसेल टू बीएचके. दुसरीकडे पूर्वेच्या टोकाच्या वाघोलीतला नवा कोरा, थोडा मोठा फ्लॅट आणि सोबत झाडांची चित्रं असलेलं माहितीपत्रक. त्यात लिहिलेलं असतं की हे घर घेऊन तुम्ही पृथ्वी वाचवताय.

हवामान बदलतंय याबद्दल मला शंका नाही. पुण्यातल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवून दिलं की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतातल्या मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. माझा विश्वास नाही तो या वास्तवाच्या आडून शहर वाटेल तसं पसरवणाऱ्या जाहिरातीवर. म्हणून दोन्ही घरांचा हिशेब मांडून पाहू.

इमारत आणि ये-जा

आयजीबीसी किंवा गृहा यांचं, म्हणजे इमारत किती पर्यावरणपूरक आहे ते ठरवणारं, मानांकन खोटं नसतं. सौर पॅनेल, कमी पाण्याचे नळ, उजेड-वारा नीट येईल अशा खिडक्या यांचा उपयोग होतोच. पण बुकिंगच्या वेळी दाखवतात ते बहुधा पूर्व-प्रमाणपत्र असतं, म्हणजे नकाशे पाहून दिलेलं. अंतिम मानांकन इमारत उभी राहिल्यावर मिळतं. शिवाय मानांकनानुसार बिल्डरला जादा एफएसआयही (म्हणजे त्याच जागेवर जास्त बांधकामाची मुभा) मिळतो. नियमातच तशी तरतूद आहे, त्यामुळे मानांकन घेण्यामागे केवळ निसर्गप्रेम असतं असं समजू नका.

आता आकडे. महिन्याला 200 युनिट वीज वापरणाऱ्या घराने 20 टक्के बचत केली, तर वर्षाला 480 युनिट वाचतात. आपल्या ग्रिडच्या हिशेबाने हा सुमारे 335 किलो कार्बन डायऑक्साइड झाला. ऑफिस सेनापती बापट रस्त्यावर असेल तर वाघोलीहून जाऊन-येऊन 35 किलोमीटर धरा. लिटरला 15 किलोमीटर देणारी पेट्रोल कार वर्षातले 250 दिवस चालवली, तर सुमारे 1,340 किलो. इमारतीने वाचवलं त्याच्या चौपट एकट्या कारने उधळलं. नवरा-बायको वेगवेगळ्या गाड्यांनी निघत असतील तर पुढचा गुणाकार तुम्हीच करा.

कोथरूडहून वनाझ–रामवाडी मेट्रो आहे, पीएमपीची बस आहे, भाजी-किराणा पायी अंतरावर आहे. आणि जुनी इमारत आधीच उभी आहे, तिच्यासाठी नवं सिमेंट लागत नाही. जगातल्या एकूण कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा 7 ते 8 टक्के आहे. कुठल्याच माहितीपत्रकात हे येत नाही, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

पाणी

वाघोली 2021 मध्ये महापालिकेत आली. टॉवर मात्र नळाच्या आधी आले. एरवी चर्चा कार्बनची होते, पण वाघोलीत राहणाऱ्याचं रोजचं जगणं पाणी ठरवतं. माणशी 135 लिटर धरले तर चार जणांच्या 400 कुटुंबांना दिवसाला 2 लाख 16 हजार लिटर पाणी लागतं. 10 हजार लिटरचे 22 टँकर. एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प, खरोखर चालत असेल आणि फ्लशला प्रक्रिया केलेलं पाणी जात असेल, तर हा आकडा 15 च्या आसपास येतो. इथे ‘ग्रीन’ सोयीला मोल आहे, आणि ते मी मोकळेपणाने मान्य करतो. पण उरलेले टँकर कुठल्या तरी गावच्या विहिरीतून किंवा बोअरमधूनच येणार, आणि त्यांचं बिल तुमच्या मेंटेनन्समध्ये लागणार.

पूर

पुराच्या बाबतीत दोन्हीकडे डोळे उघडे ठेवावे लागतात. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने कात्रजपासून अरण्येश्वरपर्यंत घरं उद्ध्वस्त केली, त्या पावसात पुणे शहर आणि जिल्ह्यात मिळून वीसहून जास्त माणसं गेली. जुलै 2024 मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरची एकता नगरी बुडाली. पाऊस जोराचा होता हे खरं, पण ओढ्याची वाट आवळली आणि नदीपात्रात भराव टाकला, तो माणसांनी. सगळा दोष हवामानावर टाकला की परवानगी देणारे सुटतात. फ्लॅट जुना असो की नवा, निळी आणि लाल पूररेषा नकाशावर पाहा. निळी साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या.

जुन्या घराचे त्रास आहेतच: लिफ्ट नाही, पार्किंगवरून वाद, वायरिंग बदलावं लागतं, वरचा मजला असेल तर एप्रिल-मेमध्ये स्लॅब तापतो. गच्चीवर उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग दिला की बराच फरक पडतो. कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का आणि रीडेव्हलपमेंटचा ठराव झालाय का, हे टोकन देण्याआधी विचारा.

माझं मत कोथरूडच्या बाजूने आहे. अपवाद एकच: तुमचं ऑफिस वाघोलीजवळच्या खराडीत असेल आणि ते पुढेही तिथेच राहणार असेल, तर ये-जा करण्याचा सगळा हिशेब उलटतो आणि वाघोली योग्य ठरते. रामवाडीच्या पुढे वाघोलीकडे जाणाऱ्या मेट्रोला केंद्राने जून 2025 मध्ये मंजुरी दिली आहे, पण मंजुरीच्या भरवशावर कर्ज काढू नका. तिथे घर घ्यायचंच असेल तर शेजारच्या राहत्या सोसायटीत जा, मागच्या एप्रिल-मेची टँकरची बिलं बघायला मागा आणि बिल्डरकडून पाण्याची लेखी हमी घ्या.