शाळेतल्या संगीतवर्गासाठी यामाहा वायआरएस-२४बी सोप्रानो रेकॉर्डर

शाळाशाळांत जाऊन संगीत शिकवणाऱ्याला असं वाद्य लागतं, जे पहिल्याच तासाला वाजेल, बाकावरून पडलं तरी सहसा फुटणार नाही आणि पाण्याने धुता येईल. एबीएस या टणक प्लास्टिकचा, तीन तुकड्यांचा हा सोप्रानो (चढ्या स्वरांचा) रेकॉर्डर, म्हणजे उभी धरून फुंकायची पाश्चात्त्य बासरी, तिन्ही बाबतींत खरा उतरतो. आडव्या बासरीवर फुंक जमेपर्यंतच बरेच दिवस जातात. इथे तोंडाकडची अरुंद वाट हवा नेमकी खिडकीच्या, म्हणजे वरच्या चौकोनी फटीच्या, धारेवर नेते, म्हणून मुलाचं लक्ष लगेच बोटांकडे वळतं.

घेताना मॉडेलचा आकडा मात्र दोनदा वाचा. वायआरएस-२३ जर्मन बोटांचा, २४बी बरोक बोटांचा (भोकं झाकायच्या या दोन पद्धती), आणि दिसायला दोन्ही जवळपास सारखे. जर्मनमध्ये एफ हा पाश्चात्त्य स्वर सोपा: अंगठा आणि वरची चार भोकं झाकली की झालं. बरोकमध्ये वरून पाचवं उघडं ठेवून सहावं-सातवंही झाकावं लागतं. एवढ्या सोयीसाठी नवशिक्यांना जर्मन देणं चूक आहे. मुलं आधी बी, ए, जी हे स्वर शिकतात. जीला सा धरला की जी-ए-बी म्हणजे सा-रे-ग. त्या ‘सा’च्या खालचा शुद्ध नी म्हणजे एफ शार्प, आणि जर्मन बोटांत नेमका तोच अवघड आणि बेसूर. बरोकवर अंगठा, १, २, ३, ५, ६ झाकले की तो सुरात येतो. सा-नी-सा एवढं साधं वळणसुद्धा बेसूर झालं तर मुलांचे कान चुकीचे तयार होतात.

वर्गात रेकॉर्डर किंचाळतो तेव्हा दोष बहुधा वाद्याचा नसतो. कुठलं तरी भोक अर्धवट उघडं असतं, बहुतेकदा डाव्या अनामिकेचं किंवा मागच्या अंगठ्याचं. बोट उचलायला सांगा. पेरावर पूर्ण गोल वळ उमटला नसेल तर तिथूनच हवा निसटते आहे. दुसरं कारण जोरात फुंकणं. जिभेने हलकं ‘डू’ म्हणायला लावा. डावा हात वर आहे ना, तेही बघा. उलटी सवय नंतर सुटत नाही.

प्लास्टिक ओल शोषत नाही, त्यामुळे थोड्या वेळात हवेच्या वाटेत थेंब साचून आवाज बसतो. खिडकीवर बोट हलकेच ठेवून, धारेला न दाबता, एक जोरदार फुंक मारली की वाट मोकळी होते. आधी वाद्याचं डोकं, म्हणजे वरचा तुकडा, हातात धरून कोमट केलं तर हा त्रास कमी होतो. गार वाद्य थोडं उतरलेलंही वाजतं.

धुवायला कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरे. उकळतं पाणी नको, प्लास्टिक वाकतं. सफाईची काडी हवेच्या वाटेत घालू नका. सांधे घट्ट झाले तर तांदळाच्या दाण्याएवढं रेकॉर्डरच्या सांध्यांचं क्रीम लावा.

उणीव खालच्या सी या स्वराची. लहान हाताची करंगळी सर्वांत खालच्या जोडभोकावर (शेजारी-शेजारी असलेल्या दोन छोट्या भोकांवर) पोचत नाही. तीन तुकडे असल्यामुळे शेवटचा भाग थोडा उजवीकडे फिरवून ते जवळ आणता येतं, तरी सात वर्षांखालच्या मुलांना तो स्वर सक्तीने देऊ नये. मंचावर एकट्याने वाजवायला याचा नाद सपाट पडतो, तिथे लाकडीच हवा. समूहात मात्र सगळ्यांनी एकच मॉडेल घ्यावं. कोणाचा सूर चढा लागला तर डोकं एक-दोन मिलिमीटर बाहेर ओढून तो उतरवता येतो.