लग्नाआधी बाप्तिस्मा, की बाप्तिस्म्याशिवाय लग्न?

दिवाळीत भाची खानापुराहून आली आणि फराळाचं ताट हातात असतानाच विचारती झाली, "आत्ती, लग्न जानेवारीत आहे. तोवर बाप्तिस्मा उरकतोय काय?"

'उरकतोय' ऐकून मला हसू आलं. मुलगा बेळगाव कॅम्पातला, घरात कोकणी बोलणारा कॅथलिक. आणि आपल्याकडे सगळ्यांनी धरूनच ठेवलंय की चर्चमध्ये लग्न म्हणजे मुलगी आधी किरिस्ताव व्हायलाच हवी. तसं काही नाही. मी हिंदू राहूनच चर्चमध्ये लग्न केलं आणि बाप्तिस्मा बारा वर्षांनी घेतला. दोन्हीकडे राहून झालंय, म्हणून सांगते.

बाप्तिस्मा न झालेल्या माणसाशी कॅथलिकाचं लग्न हा चर्चच्या कायद्यात अडसर आहे, पण तो दूर करायचा अधिकार बिशपांना असतो. त्या परवानगीला सगळे डिस्पेन्सेशनच म्हणतात. अर्ज फादरांमार्फत जातो. मुलाने वचन द्यायचं की मी माझी श्रद्धा सोडणार नाही, आणि मुलांचा बाप्तिस्मा व्हावा, ती कॅथलिक म्हणून वाढावीत यासाठी मला जमेल ते सगळं करीन. मुलीकडून हे वचन घेत नाहीत, तिला ते नीट समजावलेलं असलं पाहिजे. मुलींनो, खरा विचार करायचा तो इथे. बाप्तिस्मा तुमचा टळला तरी तुमच्या बाळाचा विषय घरात येणारच. आमच्याकडे तो पहिल्या बाळंतपणाआधी आला. माझी आई आठ दिवस बोलली नव्हती.

असं लग्न चर्चच्या दृष्टीने पक्कं असतं, मात्र संस्कार, म्हणजे बाप्तिस्म्यासारखा चर्चचा पवित्र विधी, ठरत नाही. सहसा मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची मोठी उपासना, नसते. शास्त्रवाचन, वचनं, अंगठ्या, आशीर्वाद, झालं. आमचं चाळीस मिनिटांत आटोपलं, तेव्हा वडिलांनी भावाला हळूच विचारलं होतं, "एवढ्यात लग्न लागलं काय?" सरकारी कागदालाही अडचण नाही. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी चालतं.

आता दुसरी वाट. प्रौढ माणसाचा बाप्तिस्मा उरकत नाही, कारण तो उरकू नये अशीच त्याची मांडणी आहे. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जुन्या काळची टप्प्याटप्प्याची दीक्षा पुन्हा सुरू करायला सांगितलं आणि 1972 मध्ये तिचा विधी तयार झाला. आधी नुसती चौकशी: फादरांशी बोलायचं, मिस्सेला बसायचं, शंका विचारायच्या. मग चर्चमध्ये सगळ्यांसमोर दीक्षार्थी म्हणून स्वीकारतात. त्यापुढे धर्मशिक्षण. ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी बिशपांसमोर निवडीचा विधी, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या रविवारी आत्मपरीक्षणाच्या प्रार्थना आणि ईस्टरच्या आदल्या रात्री एकदम तिन्ही संस्कार: बाप्तिस्मा, दृढीकरण (कपाळाला तेल लावून श्रद्धा पक्की करणं) आणि ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतली पवित्र भाकर). गाव लहान असलं, दीक्षार्थी एकटाच असला की यातलं काही सुटसुटीत होतं, पण वर्षभर तरी धरून चला. सोबतीला गॉडमदर किंवा गॉडफादर लागतात. नाव बदलावं लागत नाही, ख्रिस्ती भावनेला विसंगत नसलं म्हणजे झालं. माझं आईने ठेवलेलंच आहे.

ती रात्र मात्र सांगायलाच हवी. बाहेर अंगणात आगटी, तिच्यावर मोठी मेणबत्ती पेटवली, आणि अंधाऱ्या चर्चमध्ये एकेकाच्या हातातली वात तिच्यावरून लागत गेली. तीन वेळा पाणी ओतलं तेव्हा ते कानात शिरलं आणि पुढचे शब्द मला एकाच कानाने ऐकू आले. कपाळावरच्या तेलाला, क्रिझम म्हणतात त्याला, उदासारखा वास होता. तो दुसऱ्या दिवशीही जाणवत होता आणि तोंड धुवावंसं वाटेना.

रोजच्या जगण्यात फरक काय? लोकांना वाटतं मोठा फरक देवघरात पडतो. मला तो बाकावर जाणवला. बारा वर्षं ख्रिस्तप्रसादाची रांग लागली की मी गुडघे एका अंगाला वळवायची, नवरा आणि सासूबाई पुढून सरकून जायच्या, मी बसून राहायची. कोणी कधी टोचून बोललं नाही. तरी दर रविवारी ते गुडघे वळवणं होतंच. उलट माहेरचा गणपती तेव्हा माझा होता. आरतीला मी पुढे असायची. आता चवथीला जाते, मोदक वळते, पंगतीत वाढते, पण पूजेला बसत नाही. पहिल्या वर्षी यावरून वहिनीशी शब्दाला शब्द लागला. ही किंमत आधी कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगितली.

प्रार्थनेच्या भाषेची चिंता करू नका. 1953 साली बेळगावचा धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपांच्या हाताखालचा भाग, झाला, त्याआधी इथली चर्चं बरीचशी गोव्याच्या चर्चकडे होती, म्हणून जुन्या घरांत अजून कोकणी. सासूबाई 'आमच्या बापा, सर्गींच्या' म्हणतात, मी 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणते, आणि जेवण एकाच ताटलीत निवतं.

कागदाचं मात्र हलक्यात घेऊ नका. कर्नाटकाचं धर्मांतरविरोधी विधेयक 23 डिसेंबर 2021 ला विधानसभेने मंजूर केलं ते आपल्याच बेळगावच्या सुवर्णसौधात, तिथल्या विधानभवनात. 2022 च्या कायद्यात धर्म बदलण्याआधी तीस दिवस जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवणं आणि नंतर पुन्हा घोषणापत्र देणं आहे, आणि केवळ धर्मांतरासाठी केलेलं किंवा लग्नासाठी धर्म बदलून केलेलं लग्न रद्द ठरवायची तरतूद आहे. जून 2023 मध्ये मंत्रिमंडळाने हा कायदा मागे घ्यायचं ठरवलं. पण मंत्रिमंडळाचा निर्णय वेगळा आणि विधिमंडळातून कायदा रद्द होणं वेगळं. पाऊल टाकाल त्या दिवशीची स्थिती वकिलाकडून लेखी घ्या. जानेवारीतल्या लग्नासाठी डिसेंबरात बाप्तिस्मा घेणाऱ्याच्या अंगावर नेमकं हेच येऊ शकतं.

जातीचा दाखला अनुसूचित जातीचा असेल तर आणखी थांबा. 1950 च्या आदेशाप्रमाणे तो दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांनाच आहे, बाप्तिस्म्याने तो जातो. कर्नाटकात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना मागासांच्या प्रवर्ग एकमध्ये धरतात, पण ती सवलत वेगळी. वडिलांच्या मालमत्तेतला वारसा धर्म बदलला म्हणून तुमचा जात नाही. तुमच्या बाप्तिस्म्यानंतर जन्मलेली मुलं मात्र, वारसा उघडताना, म्हणजे तो नातलग वारेल तेव्हा, हिंदू नसतील तर, तुमच्या हिंदू नातलगांच्या मालमत्तेचे वारस होत नाहीत. हिंदू वारसा कायद्याचं 26 वं कलम. शेतजमीन असलेल्या घरात हे आधी बोलून ठेवलेलं बरं.

शेजारची एक मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंट पंथातली, मुलगी याच प्रश्नासाठी आली होती. तिला मी दोन मिनिटांत उत्तर दिलं. पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मानतं, पुन्हा देत नाही. तिला बाप्तिस्म्याचा दाखला, कुमसार (फादरांपाशी पापांची कबुली), श्रद्धेची कबुली, दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद, एवढंच. ईस्टरची वाटही पाहावी लागत नाही. काही मंडळ्या फक्त 'येशूच्या नावाने' बुडवतात, तो बाप्तिस्मा मात्र धरत नाहीत.

मग माझा कौल? तारीख ठरली असेल तर परवानगीचं लग्न. बाप्तिस्मा पुढेही घेता येतो, आणि घेतलात तर तेच लग्न आपोआप संस्कार होतं, पुन्हा लावावं लागत नाही. उलटं करता येत नाही: घाईत घेतलेला बाप्तिस्मा परत देता येत नाही. ज्यांची ओढ लग्नाआधीपासूनची आहे, त्यांनी माझं ऐकू नये, लग्नच वर्षभर पुढे ढकलावं. नुसती सासू खूश व्हावी म्हणून घेणाऱ्याला चांगला फादर स्वतःच परत पाठवतो.

भाचीने चकलीचा तुकडा मोडत सगळं ऐकलं. "मग आत्ती, परवानगीचा कागद कुणाकडं मागायचा?"

"फादरांकडं. आणि जाताना एकटी जाऊ नको, त्याला घेऊन जा. वचन त्याला द्यायचंय."

"आणि बाप्तिस्मा?"

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "बघूया की."