डब्यावर वीज छापलीय, वॉरंटीत वीज नाही

सर्ज प्रोटेक्टरवाला (म्हणजे व्होल्टेजच्या अचानक झटक्यापासून उपकरणं वाचवणारा) बोर्ड, सहा सॉकेटचा, ऑनलाइन १३५० ला पडला, दोन वर्षं वापरून मग लिहितोय. कंपनीचं नाव देत नाही.

गाव चिपळूणच्या बाजूला, परतीचा पाऊस कसा कडाडत येतो ते कोकणातल्यांना सांगायला नको. गेल्या ऑक्टोबरात शेजाऱ्यांच्या माडावर वीज पडली, आमच्यापासून पन्नासेक पावलं. घराला काहीच झालं नाही पण बोर्डाचा हिरवा दिवा गेला. वीज घरावरच पडायला लागते असं काही नाही हो, जवळ पडली तरी त्या हजारो अँपिअरच्या करंटमुळे आसपासच्या लांब वायरींत झटका तयार होतो आणि एमसीबी (मीटरजवळचा आपोआप पडणारा स्विच) पडेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

वायरमनने बोर्ड खोलला तर आत नाण्याएवढी निळी चकती, काळी पडून फुटलेली. ती एमओव्ही. व्होल्टेज चढलं की जादाचा करंट ती अर्थिंगकडे वळवते, झटका फार मोठा असला तर त्यातच स्वतः जळते. म्हणजे बोर्डाने काम चोख केलं, टीव्ही चालू झाला, राउटरही वाचला (इंटरनेटची फायबर काचेची, त्यातून करंट येत नाही).

पण सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) मेला! तो पण याच बोर्डावर होता, फक्त गेटवरच्या कॅमेऱ्याची तांब्याची वायर अंगणातून थेट त्याच्या पाठीत घुसवलेली, तिथे बोर्ड काय करणार. डीव्हीआरमधून एचडीएमआयने टीव्हीत, म्हणून टीव्हीचा तो एक पोर्टही गेला.

कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे वीज पडणं नैसर्गिक आपत्ती, वॉरंटीत बसत नाही. अहो डब्यावर एवढी मोठी वीज छापलीय ती कशाला मग?

आणि अर्थिंग नसेल तर घेऊच नका, अर्धं काम तिथेच बोंबललं. आमच्याकडे बोर्ड बसवताना फेज आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजलं तर २३० च्या जागी १४० च दाखवत होतं, अर्थिंगला ओल लागते आणि जांभ्यात ती टिकत नाही ना, कोळसा-मीठ घालून खड्डा नवा केला तेव्हा कुठे जमलं.

बोर्डाला साडेतीन स्टार, कस्टमर केअरला शून्य. तोच परत मागवलाय, सेलमध्ये ११०० ला मिळाला, पण गडगडायला लागलं की आई आधी कॅमेऱ्याची वायर उपटते.