डव्हटेल जिग घेताय? ठरलेल्या अंतराची की सरकत्या बोटांची?

राउटरने (गरगर फिरणाऱ्या पात्याने लाकूड कोरायचं यंत्र) डव्हटेल (दोन फळ्या दात्यांनी एकमेकींत अडकवणारा सांधा) पाडायची जिग, म्हणजे राउटरला वाट दाखवणारा साचा, घ्यायची म्हटलं की किमतीच्याही आधी एक प्रश्न सोडवा: ड्रॉवरची उंची कोण ठरवणार, तुम्ही की जिग?

साध्या, स्वस्त जिगमध्ये ती जिगच ठरवते. टेम्प्लेटचे दाते बहुतेक वेळा 7/8 इंचावर, म्हणजे 22.2 मिमीवर पक्के असतात. ड्रॉवरचा पुढचा भाग वर आडवा, बाजूची फळी समोर उभी, आणि एकाच अर्ध्या इंची 14 अंशांच्या बिटने (राउटरच्या टोकाचं कापणारं पातं) दोन्ही एकदम कापायच्या. समोरून सांधा दिसत नाही. काम इतकं झटपट होतं की स्वयंपाकघराचे वीस एकसारखे ड्रॉवर असतील तर दुसरं काही बघायची गरजच नाही. मात्र उंची 89, 111, 133 मिमी अशी 22.2 च्या पटीत धरावी लागते. गिऱ्हाइकाने 100 मिमी सांगितले की एका कडेला अर्धी पिन येते आणि दुसऱ्या कडेला अर्धवट टेल (टेल म्हणजे टोकाकडे रुंद होणारा दाता, पिन म्हणजे दोन टेलच्या मधल्या खाचेत बसणारा), जी लाकूड सुकलं की आधी तुटते.

सरकत्या बोटांच्या जिगमध्ये (ली, म्हणजे Leigh कंपनीची 24 इंची डी4आर प्रो हे यातलं नावाजलेलं उदाहरण) प्रत्येक बोट स्क्रू सैल करून हवं तिथे नेता येतं. टेल कडेला एकमेकींच्या जवळ आणि मध्ये दूर, किंवा उलट. पण खरी गंमत वेगळीच आहे. मांडणी एकदाच करायची, बोटांच्या एका टोकाने टेल कापायच्या, मग तोच साचा उलटा फिरवून दुसऱ्या, निमुळत्या टोकाने पिन. मांडणी तीच असल्यामुळे पिन आणि टेल जुळणारच, मोजमाप चुकायला जागाच नाही. आरपार डव्हटेलला (दोन्ही बाजूंनी दिसणारा सांधा) टेलसाठी 8 अंशांचं बिट आणि पिनसाठी सरळ बिट लागतं. दोन राउटर असतील तर खोली सारखी बदलावी लागत नाही.

घट्टपणा दोन्हीत वेगळ्या पद्धतीने जमवतात, आणि नवखे इथेच अडकतात. साध्या जिगमध्ये सैल बसलं तर बिट साधारण अर्धा मिमी आणखी खाली, घट्ट बसलं तर तेवढं वर. सरकत्या जिगमध्ये आरपार सांध्याला बिटची खोली घट्टपणासाठी हलवायची नाही. ती जोडायच्या दुसऱ्या फळीच्या जाडीइतकी, फार तर 0.3 मिमी जास्त, म्हणजे नंतर रंध्याने सपाट करता येतं. घट्टपणा पिनच्या बाजूला साचा पुढे-मागे सरकवून जमवायचा. पिन आधी जाड ठेवा, मग बारीक करत या. जाड पिन पुन्हा कापता येते, बारीक झालेली फेकूनच द्यावी लागते.

बिटच्या आकाराला राउटरवाल्याने मान तुकवावीच लागते. 12.7 मिमी रुंद, 8 अंशांचं बिट 19 मिमी खोल घातलं की मानेला (बिटच्या दांडीकडच्या अरुंद भागाला) उरतात 7.4 मिमी, म्हणून पिनही तेवढीच रुंद. सुताराच्या करवतीने 3 मिमीची नाजूक पिन निघते, राउटरने नाही. नाजूक पिनच हवी असेल आणि पेटी एकच करायची असेल, तर जिगचे पैसे वाचवा, चांगली करवत आणि पटाशी घ्या.

डव्हटेल बिट अर्ध्या खोलीवर चालवून मग खाली उतरवता येत नाही, पहिल्या फेरीतच पूर्ण खोली घ्यावी लागते. सागात सिलिका असल्याने धार लवकर बोथट होते. कार्बाइडचंच बिट घ्या आणि आधी सरळ बिटने किंवा करवतीने मधला माल काढून टाका. कापताना राउटर मध्येच उचलू नका, बिट साचाही खातं आणि सांधाही. फळीमागे टाकाऊ लाकूड लावलं की मागची कड फुटत नाही.

मुंबईत आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे कोलेट, म्हणजे राउटरमध्ये बिटची दांडी आवळून धरणारी पकड. अनेक आयात बिटांची दांडी अर्ध्या इंचाची, म्हणजे 12.7 मिमी असते, इथल्या मोठ्या राउटरचं कोलेट मात्र अनेकदा 12 मिमीचं. 12.7 मिमीची दांडी त्यात जात नाही, आणि 12 मिमीची दांडी 12.7 च्या कोलेटमध्ये आवळणं धोक्याचं. जिग मागवायच्या आधी नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात जाऊन योग्य कोलेट हातात घ्या. दुसरं, पावसाळा. रे रोडच्या वखारीतून आणलेला साग जून-जुलैत फुगतो, जाडी बदलली की घट्टपणाही बदलतो. रंधा मारल्या दिवशीच सांधे कापा, आणि चाचणीचा तुकडा त्याच फळीतला, त्याच जाडीचा असू द्या. प्लायवर डव्हटेलच्या कडा चिरफाळतात, तो विचार सोडून द्या.

अखंड टेम्प्लेट सरकवत अंतर बदलायची जुनी पद्धतही आहे. केलर जिग याच तत्त्वावर चालते. तिला गाइड बुश (राउटरच्या तळाला लावायची, साच्याला टेकून चालणारी कडी) नको, बेअरिंगचं बिट पुरतं. वेळ लागतो, पण वर्षातून चार-पाच पेट्या करणाऱ्याला परवडते. सरकत्या बोटांची जिग घ्यावी ती गाळ्यात रोज वेगळ्या मापाचं, सांधे उघडे दिसणारं काम असणाऱ्याने. फ्लॅटच्या बाल्कनीत अर्ध्या इंची राउटर चालवायचा विचार असेल, तर जिगच्या आधी शेजाऱ्यांना विचारा.