पोरासाठी काय घ्यावं, कोंबड्या, शेळी की रेडकू?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या एका पाहुण्यांनी विचारलं, पोरगं सातवीत गेलंय, मोबाईल सोडत नाही, एखादं जनावर त्याच्याच अंगावर टाकावं म्हणतोय, काय घेऊ? आमच्यात तिन्ही झालंय आणि दोन पोरं त्यातनंच मोठी झालीत, म्हणून बघितलेलं लिहितोय.

कोंबड्या सगळ्यात स्वस्त, आणि चुकलं की लगेच कळतं. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला आलेली कोंबडी दहा-बारा अंड्यांवर बसवली की २१ दिवसांत पिल्लं. आठवड्यानं अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर अंडं धरलं तर आत लाल शिरा दिसतात, धाकट्यानं ते बघितलं त्या दिवसापासनं शाळेतनं आला की दप्तर टाकून आधी डालग्याकडं. खुराड्याचं दार लावायला विसरला आणि मुंगूस शिरलं, सकाळी नुसती पिसं. हे दोनदा झालं. पहिल्यांदा रडला, दुसऱ्यांदा गप बसून दाराला कडी ठोकली. आठ-दहा वर्षांच्या पोराला एवढं पुरे, खरं कोंबडीचा लळा तसा कमीच लागतो.

शेळीचं वेगळं. ती हाक ओळखते, उपाशी राहिली तर ओरडून गल्ली गोळा करते, म्हणजे आळस केला की सगळ्यांना कळतो. पाच महिने गाभण, दोन वर्षांत साधारण तीन वेतं, बऱ्याचदा जुळी करडं. करडू जन्मलं की तासाभरात चीक, म्हणजे आईचं पहिलं घट्ट दूध, पोटात गेला पाहिजे. थोरली तेव्हा तेरा वर्षांची होती, रात्री दोनला शेळी व्याली, एक करडू उठेना, तिनं गोणपाटानं पुसून त्याला आचळाला लावलं, मी नुसती बॅटरी धरून उभा. आणि पहिल्या पावसाचं कोवळं गवत हावऱ्यासारखं खाल्लं की आंत्रविषार होतो, म्हणजे आतड्यात विष तयार होतं, आणि उभी शेळी काही तासांत जाते. आपल्या जांबोटी-खानापूरच्या पट्ट्यात पाऊस जोराचा, म्हणून लस त्याच्या आधीच पाहिजे. ती तारीख लक्षात ठेवायचं काम पोराचं, तुमचं नव्हं.

शेळीत सगळ्यात अवघड बोकड. तो विकायचाच असतो, आणि हे पहिल्याच दिवशी पोराला सांगून ठेवा. मी सहावीत असताना माझा बोकड मी शाळेत गेल्यावर विकला वडिलांनी, रडारड नको म्हणून. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, खरं मी कितीतरी महिने गोठ्याकडं फिरकलो नाही. थोरलीचा बोकड विकताना तिला बाजारात सोबत नेलं, दर तिनंच ठरवला, येताना सगळ्या वाटेनं रडली, आणि घरी आल्यावर पैसे वहीत मांडले. असं बघवत नाही, तरी सोबतच न्या.

रेडकू म्हणजे लांबचा हिशोब. पोटात दहा महिन्यांच्या वर, जन्मल्यावर पहिल्या वेताला तीन ते चार वर्षं. आठवीत घेतलेली रेडी पोरगं पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला गेल्यावर दूध देणार, तोवर रोज वैरण, पाणी, शेण आणि हातात काहीच नाही. एवढा धीर दुसरं काही शिकवत नाही असं माझं मत आहे. पुढं डेअरीला फॅटवर दर, मग पेंडीत कमी केलं की पैशात दिसतं. कर्नाटकी बेंदराला, म्हणजे जनावरांच्या सणाला, जनावरं धुऊन शिंगं रंगवताना बघा, आठवडाभर आधीपासनं पोरं रंग कुठला लावायचा ते ठरवत असतात. खरं घरात आधीपासनं म्हैस आणि धार काढणारं मोठं माणूस नसेल तर नाद करू नका, म्हशीच्या धक्क्यानं बारकं पोरगं सहज पडतं आणि वैरण विकत आणायची म्हटली की घरातच भांडणं.

पाहुण्यांना मी दोन पाटी, म्हणजे न व्यालेल्या तरण्या शेळ्या, घ्या म्हटलं, एकटी शेळी करमत नाही म्हणून ओरडत राहते. एप्रिलमध्ये घ्या, परीक्षा झालेली असते, शाळा उघडायच्या आत पोराला आणि शेळ्यांना एकमेकांची सवय होते. आणि सुट्टीत मामाकडं जायचं असेल तर मागं शेळ्या कोण बघणार हे त्यानं स्वतः शेजारी जाऊन सांगून यायचं, तुम्ही मध्ये पडायचं नाही.