पहिली इंग्रजी कादंबरी: ख्रिस्ती, नारायण की अचेबे?

खांडेकर, रणजित देसाई वाचून झालेत, आता इंग्रजी कादंबरीला हात घालायचाय, असं कुणी म्हटलं की कोल्हापुरात हमखास सल्ला मिळतो: अगाथा ख्रिस्ती घे. मला तो अर्धाच पटतो.

'अँड देन देअर वेअर नन' (१९३९) बघा. डेव्हनच्या किनाऱ्याजवळचं बेट, दहा माणसं, एकेकाचा मुडदा पडत जातो. वाक्यं आटोपशीर, संवाद भरपूर. वाचनाचा वेग वाढवायला उत्तम. पण पहिल्याच प्रकरणात आठ जण अंगावर येतात. नावं कागदावर लिहून ठेवा, नाहीतर कोण मेलं हेच कळायचं नाही. रहस्य उलगडतं, माणसं मात्र शेवटपर्यंत परकीच राहतात.

आर. के. नारायण यांच्या 'द गाइड'ची (१९५८) भाषा तिघांत सगळ्यात सोपी. पेच आहे तो मांडणीत: राजूचं साधूपण आणि त्याआधीचं आयुष्य आलटूनपालटून येतं, कधी तो स्वतः सांगतो, कधी लेखक. देव आनंदचा सिनेमा पाठ असला तरी वाचा, पुस्तकाचा शेवट निराळा आहे.

चिनुआ अचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' त्याच वर्षीची. नायजेरियाची म्हटल्यावर लोक बिचकतात, आणि गंमत म्हणजे पहिल्याच पानावर कुस्ती! सात वर्षं ज्याची पाठ मातीला लागली नाही, त्या मल्लाला कादंबरीचा नायक ओकोन्क्वो चीत करतो. खासबागेत कुस्त्या बघितलेल्याला यात काय समजावून सांगायचं? पुढे गावात माणसाची पत ठरते ती यामच्या पिकावर. याम म्हणजे आपल्या कोनफळाच्या जातीतला कंद. बोलण्यात पावलोपावली म्हणी, बापाच्या धाकात वाढणारी पोरं, आणि मग मिशनरी येतात. इग्बो, म्हणजे तिथल्या लोकांच्या भाषेतले शब्द सुरुवातीला अडतात, पण संदर्भाने कळत जातात. दर वेळी मोबाइल काढू नका. ओकोन्क्वोच्या घरी राहायला आलेल्या इकेमेफुना या पोराचं प्रकरण वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. ख्रिस्तीच्या दहा मृत्यूंनी तसं झालं नाही. म्हणून माझं मत अचेबेंना. विकत घेण्याआधी करवीर नगर वाचन मंदिरात विचारून बघा.

हेमिंग्वेचं 'द ओल्ड मॅन अँड द सी' केवळ बारीक दिसतं म्हणून उचलू नका. शब्द सोपे आहेत, पण म्हातारा, मासा आणि समुद्र एवढ्यावरच बहुतेक पुस्तक चालतं. नवख्याचा दम तिथेच निघतो.